झाकून ठेवलं तर चालेल ना

राहू द्या ताई, पेन ठेवा खाली. सही नंतर.

माहीत आहे मला, बाकीचे सगळे आधी सही घेतात. मीही घ्यायचो. दारात पाय टाकला की पहिला कागद पुढे करायचा, मग पिशवी उघडायची. सही आधी, काम मागून. बावीस वर्षं टीव्ही केबलच्या तारा ओढतोय मी, त्यातली एकोणीस अशीच गेली. आता नाही घेत. आता आधी आठच्या आठ सूचना वाचून दाखवतो, समोरच्या माणसाला एकेक विचारतो आणि मगच कागद देतो. ऑफिसातले हसतात मला. हसू देत. माझी आता कोणाशी वाद घालायची ताकद राहिलेली नाही.

लाइट गेली म्हणून अडकलो इथे, नाहीतर एव्हाना गेलो असतो. बॉक्स बसवून झालाय, तार जोडलीय, कार्ड आत टाकलंय. पण चित्र दिसल्याशिवाय ऑफिस काम झालं असं मानत नाही. प्लग मात्र मी मुद्दाम काढून हातात ठेवलाय. लाइट येताना एकदम झटका येतो, त्यात बॉक्स जातात. तुम्हीही तसंच करत जा, आणि विजा चमकायला लागल्या की तारसुद्धा काढून ठेवा. तो बॅटरीचा दिवा जरा इकडे सरकवता का? भर दुपारी किती अंधारून आलंय बघा.

ते भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे ना? काटा जरा अडखळताना दिसला म्हणून विचारलं. बरोबर आहे? बरं. म्हणजे तीन पंचवीस. मी हातात घड्याळ घालत नाही, तारांच्या कामात अंगावर धातू नको वाटतो. आणि फोनचा डिस्प्ले गेलाय महिनाभर झाला. वाजतो, बोलता येतं, बाकी सगळा काळोख. नवीन घ्यायचा कंटाळा. तर पावणेचारला मी उठणार, लाइट येवो न येवो. वीस मिनिटांवर घर आहे माझं, आणि चार दहाच्या आत मला घरात असावंच लागतं. का, ते सांगतो. तेवढाच वेळ जाईल. आणि सही करण्याआधी तुम्हालाही कळलेलं बरं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुना सिग्नल बंद होणार, घरोघरी बॉक्स बसवायचे, असं ठरलं तेव्हाची. काय दिवस होते ते. लोकांना डॉक्टरपेक्षा मी जास्त हवा होतो. दिवसाला बारा-पंधरा घरं. एका खांद्यावर तारेचं भेंडोळं, दुसऱ्यावर बॉक्सची पिशवी, जिने चढून चढून पाठीचा पार भुगा. रात्री जेवताना हातातला घास तोंडापर्यंत न्यायचासुद्धा कंटाळा यायचा. आई म्हणायची, अरे, जेवतोयस की झोपतोयस?

त्यातल्या एका दिवशी, अकरावं की बारावं घर होतं, दुसऱ्या मजल्यावर. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तिथे एकट्या राहायच्या. सगळी इमारत त्यांना शिवणबाई म्हणायची. दार उघडलं आणि मला हसूच आलं. घरात उघडी अशी एक वस्तू नव्हती. फोनवर विणलेला रुमाल, मिक्सरला झबलं, पाण्याच्या फिल्टरला टोपी, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. खुर्चीच्या पायांना मोजे घातले होते, खरंच सांगतो. मी म्हटलं, बाई, तुम्ही मलाही काहीतरी घालून पाठवाल. त्या हसल्या. म्हणाल्या, "रस्त्यावरचं घर ना, धूळ फार बसते हो. आणि हाताला चाळा लागतो मला."

सही आधीच घेऊन झाली होती. मोत्यासारखं अक्षर. आठही चौकोनांत बरोबरच्या खुणा मीच करून टाकल्या होत्या. सगळ्या घरांच्या कागदांवर सकाळीच करून ठेवायचो. वेळ वाचतो.

मी शोकेसच्या कप्प्यात बॉक्स ठेवत होतो. तोंडात तारेचा तुकडा, कानाशी खांद्याने दाबून धरलेला फोन, फोनवर पुढच्या घरचा माणूस मी अजून का आलो नाही म्हणून तासत होता. बाई शेजारी उभ्या. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हा लाल दिवा कसला, म्हणाल्या. मी म्हटलं, बंद असल्याचा. मग दिवसरात्र असा राहू दिला तर चालेल का? मी मान हलवली. आणि मग तिसरं.

"झाकून ठेवलं तर चालेल ना?"

मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "चालेल."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. इतकं मनापासून म्हणाल्या ना ताई. माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. पाणी प्यायलाही थांबलो नाही मी.

पाचव्या नंबरला काय लिहिलंय, ते हे बघा. बॉक्सच्या वरच्या जाळीवर काहीही ठेवू नये, बॉक्स कापडाने झाकू नये, चहूबाजूंनी चार बोटं जागा मोकळी सोडावी. आत गरम हवा तयार होते, तिला बाहेर पडायला वाट लागते. एवढंच सांगायचं होतं मला. मोजून दहा सेकंदांचं काम.

चार महिन्यांनी त्या गेल्या. दुपारी झोपल्या होत्या, खिडक्या धुळीसाठी बंद. बॉक्सवर आधी प्लास्टिक, त्यावर दुपदरी लोकरीचं विणकाम, राखाडी रंगाचं, कडेला लाल पट्टी. आग अशी मोठी लागलीच नाही म्हणे. शोकेस धुमसत राहिली, आणि धूर. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ऑफिसात चौकशी आली. साहेबांनी फाइलमधून कागद काढला. आठ खुणा, खाली सही. पाचव्या खुणेवर बोट ठेवून ते म्हणाले, "सुटलास तू." खरंच सुटलो. कोणी मला एक शब्द विचारला नाही, आणि मीही तोंड शिवून बसलो. आईलासुद्धा बोललो नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरच असते. दिवसभर टीव्ही ही तिची सोबत. संध्याकाळी मी घरी गेलो की ती कुठल्या मालिकेत कोण मेलं ते सांगायची, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचो.

तर हे असं. लाइट काही येत नाही वाटतं. किती झाले? साडेतीन. आहे वेळ.

गेल्या वर्षी तक्रारी यायला लागल्या. वेगवेगळ्या घरांतून, एकच तक्रार. दुपारी बॉक्स आपोआप चालू होतो, चित्र येत नाही, नुसता आवाज. ऑफिसला वाटलं रिमोटचं बटण अडकत असेल, शेजारच्या घरातला रिमोट लागत असेल. दोन-तीन घरी मी जाऊन आलो, पण सकाळी. सकाळी सगळं ठीक असायचं. मग एका घरून फारच फोन यायला लागले, म्हणून साहेबांनी मला दुपारीच पाठवलं.

ते घर एका घड्याळजींचं. म्हातारे गृहस्थ, खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग लावून एकटेच काम करत बसलेले. मी गेलो तेव्हा चारला दहा कमी होते. मी नेहमीचं सगळं तपासलं. कार्ड काढून कोरड्या फडक्याने पुसून परत घातलं, तारेचं टोक पाहिलं, रिमोटचे सेल काढले. बॉक्स चांगल्या जागी होता, मोकळा. म्हटलं, काका, यात काही दोष दिसत नाही.

ते मान वर न करता म्हणाले, "चार दहाला दिसेल. रोज तेव्हाच. एक सेकंद इकडेतिकडे नाही, मी मोजलंय."

"काय होतं तेव्हा?"

"कोणीतरी विचारतं. मी रोज उत्तर देतो. ऐकून घेत नाहीत. मला वाटतं, त्यांना उत्तर माझ्याकडून नकोय."

मी थकलेलो होतो ताई. मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा राहतो, बोलायला कोणी नाही. बोलू दे. मी टीव्ही चालू ठेवला आणि बॉक्सचा प्लग सरळ भिंतीतून ओढून काढला. वायर जमिनीवर टाकली. म्हटलं, आता बघू कसा चालू होतो.

त्यांच्या घरात तीस-चाळीस घड्याळं असतील. सगळी टिकटिकत होती. आणि मग ती एकेक करून ऐकू यायची बंद झाली. काटे फिरत होते, मला दिसत होते, पण आवाज नाही. त्यानंतर वास आला. लोकर जळते ना, तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. तो. अगदी हलका, जुना, कपाटातून आल्यासारखा.

माझी एक सवय आहे. कुठल्याही घरात काम झालं की बॉक्सवर तळवा ठेवून बघतो, किती तापलाय ते कळतं. मी न ठरवताच हात ठेवला. प्लग जमिनीवर पडलेला, माझ्या पायाशी. आणि बॉक्स तापलेला. अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखा. पुढचा लाल दिवा लागला होता.

टीव्हीचा पडदा काळाच होता. त्यातून आवाज आला. हळू, अदबीने.

"झाकून ठेवलं... तर चालेल ना?"

घड्याळजींनी भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हालाच विचारतायत," ते म्हणाले.

मी हात काढायला गेलो, निघेना. चिकटला होता असं नाही. काढायचं धाडस होईना एवढंच. दोन वर्षं जे मी आईला बोललो नाही, देवापुढे बोललो नाही, ते त्या परक्या घरात बोललो. म्हटलं, "नाही... झाकू नका बाई. चालणार नाही. आत हवा लागते त्याला. माझं चुकलं... मी ऐकलंच नव्हतं नीट."

मग पुन्हा, त्याच अदबीने,

"पण तुम्हीच तर चालेल म्हणालात..."

मी रडत होतो. घड्याळजींनी टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला वळवला. आणि शेवटचं ऐकू आलं ते असं,

"बरं... मग तुमच्या घरी विचारते."

घड्याळं पुन्हा टिकटिकायला लागली. बॉक्स गार पडला. त्या घरात पुढे कधी तक्रार आली नाही, कुठल्याच घरात आली नाही. मला वेड्याला वाटलं, सुटलो. कबूल केलं, माफी मागितली, संपलं. जिना उतरताना पहिल्यांदा पाठ हलकी वाटली. ते शेवटचं वाक्य कानात होतं, पण त्याचा अर्थ लावायचंही माझ्यात त्राण नव्हतं.

घरी पोचलो. कुलूप उघडलं, आत गेलो. आई खुशीत होती. म्हणाली, "अरे, तुझ्या ओळखीच्या एक बाई येऊन गेल्या. किती गोड बोलतात."

मी म्हटलं, "आई, कुलूप तर बाहेरून होतं. किल्ली माझ्याकडे आहे."

"असेल उघडं. बसल्या घटकाभर. जाताना त्या बॉक्सचं काहीतरी विचारत होत्या. झाकून ठेवलं तर चालेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, चालेल की, न चालायला काय झालं. तर म्हणाल्या, बरं झालं विचारलं."

मी वळून बघितलं. आमच्या बॉक्सवर राखाडी लोकरीचं विणलेलं झाकण होतं. कडेला लाल पट्टी. पट्टीचा एक कोपरा काळा पडलेला, बोट लावलं तर भुगा होत होता. विणकाम अर्धवट होतं, क्रोशाची सुई तशीच अडकवलेली.

त्या रात्री मी बॉक्स उपटून काढला. तार खांबापासून कापली. केबलवाल्याच्या घरात टीव्ही नाही, शेजारी अजून चेष्टा करतात. ते विणकाम लांबच्या कचराकुंडीत नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर आईच्या पायांवर होतं. आता ते बॉक्सच्या मापाचं नव्हतं, दोन्ही पावलं झाकली जात होती. आई म्हणाली, "राहू दे रे. पाय गार पडतात माझे, छान ऊब येते."

पुन्हा टाकलं, पुन्हा आलं. बहिणीकडे नेऊन ठेवलं आईला आठ दिवस, तर तिच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी हे होतंच. शेवटी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चार दहाला मी घरात असलो, आईचा हात हातात घेऊन बसलो, की कोणी येत नाही आणि ते वाढत नाही. मला उशीर झाला की वाढतं. म्हणून हा माझा सहा महिन्यांचा नेम. साडेतीननंतर काम घेत नाही. पगार कापतात, कापू देत.

तरी उशीर होतोच हो. एकदा रस्ता बंद होता, तेव्हा गुडघ्यांपर्यंत आलं. एकदा मला ताप भरला, दवाखान्यात बसून राहिलो, तर कमरेपर्यंत. गेल्या आठवड्यात साहेबांनी मीटिंगला बसवून ठेवलं. पळत पळत गेलो, पाचच मिनिटं उशीर झाला होता. गळ्यापर्यंत आलं होतं. आई गाढ झोपलेली, घामाने चिंब, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की मला उठवावंसं वाटेना. मी तसाच खाली जमिनीवर बसून राहिलो. दमलोय ताई. भीती वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती संपलीय. फक्त ती एकटी आहे माझी, एवढंच.

आईला बजावून ठेवलंय. कोणी काहीही विचारलं तरी हो म्हणायचं नाही. आधी मला फोन करायचा. उशाशीच ठेवलाय फोन, एक बटण दाबलं की मला लागतो.

म्हणून म्हणतो, सही नंतर. मी वाचतो ते नीट ऐका, समजलं नाही तर दहादा विचारा, मी वैतागणार नाही. बॉक्स टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा नाही. वर फुलदाणी, पाण्याचा पेला, काही नाही. पुसायचं तर प्लग काढून, कोरड्या फडक्याने. झाकण खोलायचं नाही. आणि पाचवा नंबर...

थांबा हां. फोन वाजतोय.

आत्ता कसा काय? तुमच्या घड्याळात तर पावणेचार होतायत.

हॅलो. हो, आई, मीच. बोल... कोण आलंय? आत्ता? नाही गं, अजून वेळ आहे, अजून चार सुद्धा...

ताई, घड्याळ बरोबर आहे ना तुमचं? काय? मागे पडतं? किती मागे... पंचवीस मिनिटं? अहो, मी विचारलं होतं तुम्हाला. मघाशीच विचारलं होतं.

नाही, रागावत नाहीये. तुम्ही कामात होता. कळतं मला.

आई, ऐक. मी निघालोच. तू त्यांना नाही म्हण. स्पष्ट नाही म्हण... कशावरून? तोंडावरून घेऊ का, म्हणतायत? नाही, आई. तोंडावरून घ्यायचं नाही. मला विचारल्याशिवाय... झोपेत होतीस? झोपेत काय म्हणालीस त्यांना?

आई, मोठ्याने बोल जरा. आवाज असा दबून का येतोय तुझा?

ताई, तो दिवा बघा. बॉक्सचा. लाइट आलेली नाही ना अजून? प्लग तर माझ्या हातात आहे.

आई... हॅलो... आई, आत्ता हे 'बरं झालं विचारलं' कोण म्हणालं?